खरवडण्यापूर्वी : लाखेच्या पॉलिशचा एक छोटा इतिहास

जुन्या बाजारातून स्वस्तात आणलेले टेबल घरी आले, की पहिला विचार येतो तो ते खरवडून काढण्याचा. वरचा काळपट, चिकट थर काढावा, आतले ‘खरे’ लाकूड मोकळे करावे आणि नवे पॉलिश चढवावे, ही कृती इतकी स्वाभाविक वाटते की तिच्यामागचे गृहीतक ध्यानात येत नाही. लाकूड तेवढे मूळ आणि त्यावरचा थर उपरा, असे ते गृहीतक आहे. साहित्याच्या अभ्यासकाला ते ओळखीचे वाटेल. प्रक्षेप दूर सारले की मूळ संहिता हाती येते, या श्रद्धेचे ते सुतारकामातले रूप होय. प्रस्तुत लेखात त्या उपऱ्या समजल्या जाणाऱ्या थराचा इतिहास पाहायचा आहे.

आपल्याकडच्या जुन्या सागवानी व शिसवी सामानावरचा हा थर बहुधा लाखेचा असतो. लाख हा पळस, कुसुंब, बोर अशा झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर राहणाऱ्या एका किड्याचा स्राव. झारखंड, छत्तीसगड या भागांत तिचे मोठे उत्पादन होते. लाखेची ओळख आपल्याला फार जुनी आहे. महाभारतातले लाक्षागृह सर्वांना ठाऊक आहे, ‘आईन-इ-अकबरी’त चिकांच्या पडद्यांना लावायच्या रंगीत लाखेची प्रमाणे दिली आहेत, गार्सिया द ऑर्ताच्या १५६३ साली गोव्यात छापलेल्या ग्रंथातही लाखेवर एक संवाद आहे. सावंतवाडीसारख्या ठिकाणी कातारी फिरत्या लाकडाला रंगीत लाखेची कांडी टेकवतो, घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि लाकडावर बसते. मात्र ही रीत गोल, कातीव वस्तूंची. टेबलाच्या सपाट फळीवर ती चालत नाही.

सपाट फळीला सोयीची रीत म्हणजे लाख स्पिरिटमध्ये विरघळवून, कापसाच्या बोळ्यावर कापड गुंडाळून, अनेक पातळ हातांनी ती चढवत नेणे. ही रीत एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी फ्रान्समध्ये रूढ झाली आणि १८२० च्या सुमारास इंग्लंडात पोचली. म्हणून तिचे नाव फ्रेंच पॉलिश. तिचा कच्चा माल मात्र हिंदुस्थानातला. मिर्झापूरसारख्या ठिकाणी लाख कापडाच्या लांब पिशवीत भरून विस्तवासमोर तापवीत, पिळून काढीत, आणि कारागीर तो तप्त गोळा हातापायांनी ताणून त्याचा कागदासारखा पातळ पत्रा करीत. तोच चपडा. युरोपीय व्यापाऱ्यांना पूर्वी लाखेतल्या तांबड्या रंगाचे आकर्षण अधिक होते. १८५६ नंतर कृत्रिम रंग आले, तो रंग हळूहळू बाजारातून उठला आणि राळ हेच लाखेचे मुख्य रूप ठरले.

येथे एक विरोधाभास ध्यानात घ्यायला हवा. इंग्लंडात हे चकचकीत पॉलिश लोकप्रिय झाले, तेव्हा अठराव्या शतकातल्या कित्येक वस्तूंवरचे मेणाचे वा तेलाच्या रोगणाचे जुने थर खरवडून त्यांवर ते चढवण्यात आले. म्हणजे आज जे पॉलिश आपण ‘जुने’ म्हणून जपू पाहतो, तेच एके काळी जुन्याचा नाश करून आलेले होते. जुन्या इमारतींच्या बाबतीत या वृत्तीला संघटित विरोध केला तो विल्यम मॉरिस या कवीने. स्वतः फर्निचर बनवणाऱ्या संस्थेचा चालक असलेल्या मॉरिसने १८७७ साली जुन्या वास्तूंच्या रक्षणासाठी एक मंडळ स्थापले. चर्चच्या भिंती खरवडून त्यांना काल्पनिक ‘मूळ’ रूप देण्याला त्याचा आक्षेप होता. म्हणून त्या मंडळाला ‘अँटी-स्क्रेप’ असे टोपणनाव पडले.

आपल्याकडे ही चर्चा वेगळ्या वळणाने करावी लागते. कारण येथे मेजखुर्ची बऱ्याचदा दुसऱ्या हातानेच घरात आली. बदली होऊन जाणारा इंग्रज अधिकारी आपले सामान लिलावात काढी, आणि ‘लिलाव’ हा शब्दही पोर्तुगीजांकडून आलेला. ‘खुर्ची’ अरबीतून आली, ‘टेबल’ इंग्रजीतून. संस्कृतात दाराची फळी असलेले ‘कपाट’ मराठीत येऊन वस्तू ठेवायची जागा झाले. मुंबईच्या चोर बाजारात किंवा ओशिवऱ्यात मांडलेल्या सामानाइतकीच त्याची शब्दसंपत्तीही हातोहात फिरलेली आहे. प्रत्येक मालकाने त्यावर काही ना काही चढवले : कोणी चपडा आणि चंद्रस, कोणी ऑइलपेंट. हाताशी असेल त्याने वस्तू टिकवण्याची ही धडपड हाही त्या वस्तूचा इतिहासच.

लाखेच्या थराचा एक गुण या दृष्टीने महत्त्वाचा आहे. तो वाळल्यावरही स्पिरिटमध्ये पुन्हा विरघळतो. त्यामुळे खरवडण्यापूर्वी न दिसणाऱ्या कोपऱ्यात स्पिरिटचा बोळा फिरवून पाहावा. थर मऊ झाला, तर तो बहुधा लाखेचा. मग मळ पुसून, हलक्या हाताने स्पिरिट फिरवले तरी बारीक भेगा मिटतात आणि चपड्याचा नवा हात जुन्यात मिसळून जातो. १९२० च्या दशकात पसरलेल्या नायट्रोसेल्युलोज लॅकरला थिनर लागतो; पॉलियुरेथेनवर दोहोंचाही फारसा परिणाम होत नाही. ते पूर्ण घासून काढावे लागते. जुना ऑइलपेंट असेल, तर कोरडे घासणे धोक्याचेही आहे. भारतात घरगुती रंगांतल्या शिशाचे प्रमाण दशलक्षांत ९० भाग या मर्यादेत आणणारा नियम २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. त्यापूर्वीच्या रंगांच्या धुळीत शिसे असू शकते, आणि लहान मुलांना ते अधिक बाधते.

भांडारकर संस्थेने १९१९ साली हाती घेतलेली आणि १९६६ साली पूर्ण झालेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती येथे आठवते. संपादकांनी जे पाठ नाकारले, ते नष्ट केले नाहीत; तळटीपांत आणि परिशिष्टांत ठेवले. त्यामुळे त्यांचा निर्णय उद्याच्या अभ्यासकाला तपासता येतो. टेबलाला तळटीप नसते. नाकारलेला थर केरात जातो, आणि निर्णय चुकला तरी परत घेता येत नाही. शिवाय थर नेहमी उपराच असतो असेही नाही. बालगंधर्वांच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या लाखेच्याच मिश्रणाच्या. तेथे लाख हाच मजकूर आहे.

अर्थात स्वस्तातली खुर्ची बसण्यासाठी असते, संग्रहालयासाठी नव्हे. वाळवी लागलेली फळी बदलावी लागेल, सुटलेला सांधा नव्याने चिकटवावा लागेल, क्वचित सगळा थरही काढावा लागेल. आग्रह एवढाच, की तो काढणे ही पहिली पायरी नसावी. आधी पुसावे, मग तपासावे, मग भर घालावी, आणि उरलेच तर काढावे. लाखेच्या पॉलिशने पूर्वीचे न पुसता पुढचे लिहिण्याची सोय करून ठेवली आहे. ती निदान एकदा वापरून पाहावी.