६४ दिवस कोंडलेला डॉमनिक

१ डिसेंबर, जागतिक एड्स दिन. शाळेची पोरं लाल रिबिनी लावून फेरी काढतील, भाषणं होतील, फोटो पडतील. होऊ द्यात, चांगलंच आहे. पण मंडळी, या दिवशी शेजारच्या गोव्यातल्या एका माणसाची आठवण काढायला हवी. सावंतवाडी-बांद्याकडच्या नव्या पिढीला त्याचं नावही ठाऊक नाही.

डॉमनिक डिसोझा. बार्देशातल्या पर्रा गावचा तरुण, नेहमी रक्तदान करणारा. त्याने दिलेल्या रक्तातच एचआयव्ही सापडला. फेब्रुवारी १९८९ मध्ये पोलिसांनी त्याला म्हापशाला नेलं आणि पुढे क्षयरोग्यांच्या एका जुन्या इस्पितळात एकट्याला कोंडून ठेवलं. गुन्हा? काहीच नाही. एचआयव्ही सापडला की माणसाला वेगळं ठेवायचं, असं गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यातच तेव्हा लिहिलेलं होतं.

त्याची आई लुसी डिसोझा गप्प बसली नाही. ती मुंबई उच्च न्यायालयात गेली. वकील होते आनंद ग्रोव्हर. ६४ दिवसांनी डॉमनिक घरी आला. कायद्यातली सक्ती सैल झाली, पण न्यायालयाने कायदा काही रद्द केला नाही. डॉमनिक मात्र तोंड लपवून बसला नाही. आपल्यासारख्यांसाठी त्याने १९९२ मध्ये ‘पॉझिटिव्ह पीपल’ ही संस्था काढली आणि त्याच वर्षी मे महिन्यात तो गेला. २००५ चा ‘माय ब्रदर निखिल’ हा सिनेमा त्याच्याच आयुष्यावरून सुचलेला.

आता विचार करा, त्याला कोंडून साथ थांबली का? एकत्र जेवल्याने, हात मिळवल्याने हा विषाणू पसरतच नाही. उलट एकाला कोंडलेलं बघून दहाजण तपासणीलाच जात नाहीत. आणि ज्याला स्वतःलाच माहीत नाही, त्याच्याकडूनच नकळत लागण होते.

माणसं वाचली ती औषधांनी. तीन औषधं एकत्र देण्याचा उपचार १९९६ च्या सुमारास आला, पण वर्षाचा खर्च दहा हजार डॉलरच्या वर. २००१ मध्ये आपल्या मुंबईच्या सिप्ला कंपनीने तेच औषध वर्षाला ३५० डॉलरला देऊ केलं आणि जगभरचे भाव कोसळले. १ एप्रिल २००४ पासून सरकारी इस्पितळात ही औषधं फुकट मिळू लागली. डॉमनिक जाऊन तेव्हा बारा वर्षं होत आली होती. त्या मधल्या काळात किती घरं रिकामी झाली! कित्येकांच्या मरणाचं खरं कारण घरच्यांनी अजूनही कुणाला सांगितलेलं नाही. ‘कावीळ झाली होती’, ‘टीबी होता’, एवढंच.

आज देशात सुमारे २५ लाख लोक एचआयव्हीसह जगताहेत. रोज गोळी घेणारा माणूस नोकरी करतो, संसार करतो. रक्तातला विषाणू औषधाने इतका कमी झाला की चाचणीतही दिसत नाही, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. गरोदरपणात वेळेत उपचार मिळाले तर बाळाचा धोकाही खूप कमी होतो. २०१७ चा कायदा सांगतो, या कारणावरून नोकरी, शाळा, भाड्याचं घर नाकारता येणार नाही आणि संमतीशिवाय कुणाची माहिती फोडता येणार नाही. हा कायदा सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे.

कायदा बदलला, औषध आलं. पण ओळखीचं कुणी भेटेल म्हणून आपलं इस्पितळ सोडून लांबच्या गावी गोळ्या आणायला जाणारी माणसं अजून आहेत. काही तर तेही नको म्हणून औषधच सोडतात आणि मरतात. तिथे पोलीस नसतो. तिथे आपण असतो, आपली कुजबुज असते.

म्हणून एवढंच करा. कंडोम वापरा, दुसऱ्याची सुई वापरू नका. शंका असेल तर सरकारी इस्पितळात तपासणी फुकट होते, नाव गुप्त राहतं. १०९७ वर फोन केला तरी माहिती मिळते, पैसे लागत नाहीत. आणि तपासणी केंद्राच्या बाहेर कुणी ओळखीचं दिसलं, तर ती गोष्ट चहाच्या टपरीवर नेऊ नका.