कोरोना काळातील नगरपरिषद: बारामती-इंदापूरच्या वस्त्यांनी जपून ठेवावी अशी माहिती

कोरोनाची साथ ओसरली, पण त्या काळातील कामे सगळ्यांची पूर्ण झालेली नाहीत. कुणाच्या मृत्यू दाखल्यात नावाची चूक राहिली, कुणाचा सानुग्रह मदतीचा अर्ज फेटाळला गेला, कुणाला हातगाडीसाठी कर्ज मिळते हेच उशिरा कळले. अशा घरांपैकी अनेक घरे आपल्या वस्त्यांमधील आहेत. म्हणून बारामती आणि इंदापूर या दोन शहरांपुरती, कोणते काम कोणत्या कार्यालयाचे होते, कोणते निर्णय कधी झाले आणि आज काय करता येईल, याची माहिती आम्ही येथे एकत्र देत आहोत. तरुण कार्यकर्त्यांनी ती वस्तीत वाचून दाखवावी.

कायदा कोणता होता?

महाराष्ट्र शासनाने १३ मार्च २०२० रोजी साथरोग प्रतिबंधक कायदा, १८९७ लागू केला. पुण्यामुंबईत प्लेग पसरला असताना इंग्रज सरकारने केलेला हा कायदा. त्याच प्लेगमध्ये, त्याच वर्षी, १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले रुग्णांची सेवा करताना गेल्या. सव्वाशे वर्षे जुन्या या कायद्यात अधिकाऱ्यांचे अधिकार लिहिले आहेत, नागरिकाला काय मिळाले पाहिजे हे मात्र फारसे लिहिलेले नाही. त्याच्या जोडीला आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ होता. त्यामुळे मुख्य आदेश जिल्हाधिकाऱ्यांकडून निघत. बारामती आणि इंदापूर हे दोन्ही तालुके बारामती उपविभागात येतात, म्हणून तालुका पातळीवरचा समन्वय प्रांताधिकाऱ्यांकडे होता. नगरपरिषद ही शहरातील अंमलबजावणी करणारी संस्था होती.

हे समजून घेणे महत्त्वाचे आहे, कारण चुकीच्या कार्यालयात दिलेला अर्ज महिनोन्महिने पडून राहतो.

कोणते काम कोणाचे?

नगरपरिषद: पाणी, कचरा, गटारे, जंतुनाशक फवारणी, बाजार आणि फेरीवाल्यांची जागा, अंत्यसंस्काराची व्यवस्था, जन्म-मृत्यू नोंद.

तहसील कार्यालय: रेशन, शिवभोजन केंद्रे, अडकलेल्या मजुरांची सोय, मदतीचे वाटप.

आरोग्य विभाग: तपासणी, उपचार, लसीकरण. शहराबाहेर पडले की हे काम तालुका आरोग्य अधिकारी आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांकडे, तर गावची स्वच्छता ग्रामपंचायतीकडे. भिगवण किंवा निमगाव केतकीच्या माणसाने इंदापूर नगरपरिषदेत तक्रार देऊन उपयोग नसतो, तो याच कारणाने.

महिला व बालविकास विभाग: पालक गमावलेली मुले आणि पती गमावलेल्या महिला यांच्या योजना.

बारामतीत काय झाले?

मार्च २०२० अखेरीस बारामतीत पहिला रुग्ण सापडला. एप्रिलमध्ये रुग्ण वाढल्यावर प्रशासनाने राजस्थानातील भिलवाड्याच्या धर्तीवर शहर पूर्ण बंद केले. लोकांनी बाहेर पडायचे नाही. किराणा, भाजी, दूध, औषधे प्रभागवार नेमलेल्या स्वयंसेवकांनी घरी पोहोचवायची, अशी ती पद्धत. मागणी फोनवर आणि व्हॉट्सअॅपवर द्यायची. वृत्तपत्रांनी याला पुढे ‘बारामती पॅटर्न’ म्हटले. नगरपरिषद, महसूल, पोलीस आणि आरोग्य या खात्यांनी एकत्र काम केले, हे तिचे बलस्थान होते आणि ते मान्य केले पाहिजे.

पण या पद्धतीत एक अट दडलेली होती. ज्याच्याकडे स्मार्टफोन आणि रोख पैसे आहेत, ज्याचा प्रभागाच्या गटात समावेश आहे, त्यालाच सूचना वेळेवर मिळणार. रोजंदारीवर जगणाऱ्या घराला सामान दारात आले तरी ते विकत घ्यायला पैसे लागतात. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या एमआयडीसीतल्या कामगाराचे नाव बहुतेक वेळा प्रभागाच्या यादीत नसते. टाळेबंदीत पाणी कधी येणार, कोणता भाग सील झाला, धान्य कुठे मिळणार ही बातमी हीसुद्धा एक सेवाच होती. ज्याच्यापर्यंत ती पोहोचली नाही, त्याच्यापर्यंत पुढची सेवाही पोहोचली नाही.

इंदापूरचा प्रश्न थोडा वेगळा होता. हे शहर लहान आहे, पुणे-सोलापूर महामार्गावर आहे आणि दोन्ही तालुक्यांत साखर कारखाने आहेत. टाळेबंदी लागली तेव्हा राज्यभर ऊसतोड मजूर कारखान्यांच्या परिसरात अडकले होते. त्यांना तपासणी करून गावी जाऊ देण्याचा निर्णय शासनाने एप्रिल २०२० च्या मध्यास घेतला. हे मजूर ना नगरपरिषदेचे मतदार, ना गावच्या रेशन दुकानाचे कार्डधारक.

रेशन आणि जेवण

प्रधानमंत्री गरीब कल्याण अन्न योजनेत एप्रिल ते नोव्हेंबर २०२० आणि पुन्हा मे २०२१ ते डिसेंबर २०२२ या काळात माणशी ५ किलो मोफत धान्य होते. ते अंत्योदय आणि प्राधान्य कुटुंबांसाठी. योजनेबाहेरच्या केशरी कार्डधारकांना राज्य शासनाने मे आणि जून २०२० मध्ये माणशी ३ किलो गहू ८ रुपये दराने आणि २ किलो तांदूळ १२ रुपये दराने दिले. ज्यांच्याकडे कार्डच नव्हते, ते यात मागे राहिले.

महाराष्ट्र १ जानेवारी २०२० पासून ‘एक देश एक रेशन कार्ड’ व्यवस्थेत आहे. म्हणजे योजनेतील कार्डधारक आपले धान्य दुसऱ्या गावातील दुकानातूनही घेऊ शकतो. बाहेरगावाहून कामाला आलेल्या आपल्या बांधवांना हे जरूर सांगा.

शिवभोजन थाळी २६ जानेवारी २०२० रोजी १० रुपयांत सुरू झाली. टाळेबंदीत तिचा दर ५ रुपये झाला आणि एप्रिल २०२१ च्या निर्बंधांत ती काही काळ मोफत होती.

लस

लसीकरण १६ जानेवारी २०२१ पासून सुरू झाले, १ मे २०२१ पासून १८ वर्षांवरील सर्वांसाठी. १८ ते ४४ वयोगटाला सुरुवातीला ऑनलाइन नोंदणी सक्तीची होती आणि ‘कोविन’ संकेतस्थळ मराठीत यायला जून २०२१ उजाडला. पुणे शहरातील लोक ग्रामीण केंद्रांवरच्या वेळा आधी नोंदवून टाकतात, अशा तक्रारी त्या वेळी जिल्ह्यात होत्या. सर्वोच्च न्यायालयानेही ३१ मे २०२१ च्या आदेशात या डिजिटल दरीवर बोट ठेवले. ज्या वस्त्यांत शिकलेल्या मुलांनी बसून सगळ्यांची नोंदणी केली, तिथे फरक पडला. हे काम पुढेही लागणार आहे.

सफाई कामगार

साथीत घराबाहेर राहणे ज्यांना भाग होते त्यांत सफाई कामगार पहिले. या कामात आपल्या समाजातील माणसे किती आहेत, हे वेगळे सांगायला नको. राज्य शासनाने २९ मे २०२० च्या निर्णयाने कोविड कर्तव्यावर मृत्यू आलेल्या कर्मचाऱ्याच्या कुटुंबाला ५० लाख रुपयांचे साहाय्य ठरवले. त्यात कंत्राटी आणि रोजंदारी कर्मचारीही धरले होते. मात्र कामावर असल्याचा पुरावा लागतो. कंत्राटदाराकडे हजेरीपत्रक नसेल, तर हक्क कागदावरच राहतो. म्हणून कंत्राटी कामगारांनी हजेरी, वेतनचिठ्ठी आणि ओळखपत्राची प्रत घरी ठेवावी.

मृत्यू दाखला आणि सानुग्रह मदत

मृत्यूची नोंद मृत्यू जिथे झाला तिथल्या संस्थेकडे होते. इंदापूरचा रुग्ण बारामतीत, पुण्यात किंवा सोलापुरात गेला असेल तर दाखला तिथूनच मिळतो. नोंद २१ दिवसांत करायची असते. वर्ष उलटल्यास दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो.

कोविडने मृत्यू झालेल्यांच्या वारसांना ५० हजार रुपये देण्यास सर्वोच्च न्यायालयाने ४ ऑक्टोबर २०२१ रोजी मान्यता दिली. दाखल्यावर ‘कोविड’ लिहिलेले नाही म्हणून मदत नाकारता येणार नाही, असेही न्यायालयाने स्पष्ट केले. तपासणीनंतर ३० दिवसांच्या आत झालेला मृत्यू, घरी झाला असला तरी, यात धरला जातो. २० मार्च २०२२ पूर्वीच्या मृत्यूंसाठी अर्जाची मुदत ६० दिवस ठेवली होती. अडचणीमुळे उशीर झाला असेल तर तक्रार निवारण समितीकडे जाण्याची मुभा न्यायालयाने दिली होती. फेटाळलेल्या अर्जाचे लेखी कारण मागून घ्या.

दोन्ही पालक गेलेल्या बालकाच्या नावे ५ लाख रुपयांची मुदत ठेव ठेवण्याचा निर्णय राज्याने जून २०२१ मध्ये घेतला. ठेव झाली की नाही, हे जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात तपासता येते.

फेरीवाले

पीएम स्वनिधी योजना १ जून २०२० रोजी सुरू झाली: तेव्हा पहिले कर्ज १० हजार रुपये होते, विनातारण. यासाठी नगरपरिषदेच्या फेरीवाला सर्वेक्षणात नाव किंवा तिचे शिफारसपत्र लागते. पुन्हा कळीचा प्रश्न यादीचाच.

आता काय करावे?

महाड नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव १९२४ मध्येच केला होता. तरी पाणी घेण्यासाठी बाबासाहेबांना २० मार्च १९२७ रोजी हजारो लोकांसह तळ्यावर जावे लागले. नगरपालिकेचा ठराव आणि वस्तीतील अनुभव यांत अंतर असते, हे आपल्या चळवळीला तेव्हापासून माहीत आहे.

हे अंतर कमी करण्यासाठी प्रत्येक वस्तीत, विहारात बसून, एक वही करावी असे आम्ही सुचवतो. तिच्यात पाच रकाने असावेत: घर, राहणारी माणसे (भाडेकरूंसह), रेशन कार्डाचा प्रकार, एकटे वृद्ध, दिव्यांग व आजारी व्यक्ती, आणि प्रलंबित अर्ज. ही माहिती खासगी आहे, म्हणून वही एका जबाबदार व्यक्तीकडेच राहावी.

दुसरे, माहिती अधिकारात नगरपरिषदेकडे २०२० ते २०२२ मधील कोविड खर्च आणि प्रभागवार कामांची माहिती मागावी. उत्तर ३० दिवसांत देणे बंधनकारक आहे.

तिसरे, तोंडी तक्रार करू नये. अर्जाची पोच घ्यावी, आवक क्रमांक वहीत लिहावा. पुढच्या संकटात कोणाच्या घरी काय लागेल, हे नगरपरिषदेला सांगण्याइतकी माहिती तेव्हा आपल्या हाती असेल.