सर सय्यद यांची पहिली शाळा

दरवर्षी 17 ऑक्टोबरला सर सय्यद अहमद खान यांचा जन्मदिन साजरा होतो. भाषणांत अलीगढ येतं, 1875 चा मदरसा येतो, 1877 ची कॉलेजची पायाभरणी येते. अजीजुन्निसा बेगम हे नाव मात्र क्वचितच कुणी घेतं. त्या सर सय्यद यांच्या वालिदा. माझ्या मते अलीगढचा इतिहास त्यांच्यापासून सुरू करायला हवा.

सय्यद अहमद यांचा जन्म 1817 साली दिल्लीत झाला. वडील मीर मुत्तकी विरक्त वृत्तीचे होते. मुलगा वाढला तो आजोळी, ख्वाजा फरीदुद्दीन यांच्या हवेलीत. ख्वाजासाहेब गणिताचे जाणकार आणि बादशहा दुसरा अकबर याचे वजीर. त्यांच्या घरात मुलगीही शिकली होती. अजीजुन्निसा कुरआन वाचत, थोडी फारसी जाणत आणि मुलाकडून धडा म्हणून घेत. दटावण्यासाठी लाकडी मुठीला दोऱ्या बांधलेला एक आसूड त्या जवळ ठेवत. रागावत पुष्कळ, पण तो आसूड मुलाच्या अंगाला कधी लागला नाही. हे खुद्द सर सय्यद यांनीच लिहून ठेवलं आहे.

म्हणजे त्या मवाळ होत्या असं नाही. सय्यद अकरा-बारा वर्षांचा असताना त्यानं एका म्हाताऱ्या नोकराला मारलं. अम्मींना कळताच त्यांनी मुलाला घराबाहेर काढलं. तो तीन दिवस खालाच्या घरी लपून राहिला. खाला रदबदली करायला आली, तेव्हा अम्मींची एकच अट होती: आधी त्या नोकराची माफी माग. वजिराच्या नातवानं नोकरापुढे हात जोडले, तेव्हाच घराचं दार उघडलं.

मुलाला माया हवी आणि मर्यादाही हवी, असं आजचं बालमानसशास्त्र सांगतं. एकट्या मायेनं मूल शेफारतं, एकट्या धाकानं दबतं. अजीजुन्निसांनी हे कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं. पुढे एका माणसानं उपकाराची फेड अपकारानं केली आणि त्याला शिक्षा होईल असा पुरावा सय्यद यांच्या हाती आला, तेव्हाही त्यांनी मुलाला माफ करायलाच सांगितलं.

या संस्काराची परीक्षा 1857 मध्ये झाली. सय्यद अहमद तेव्हा बिजनौरला सदर अमीन होते. इंग्रजांनी दिल्ली परत घेतल्यावर ते तिथे पोचले, तेव्हा नात्यातली माणसं मारली गेली होती. अम्मी एका मोतद्दाराच्या घरी आश्रयाला होत्या. घोड्यांच्या दाण्यावर त्यांचे दिवस निघत होते, प्यायला पाणी नव्हतं. सय्यद पाणी आणायला गेले. परतताना वाटेत घरातली म्हातारी मोलकरीण दिसली. पाणी आधी बेगमसाहेबांना न्या, असं ती खुणेनं सांगत होती. त्यांनी तिला पाजलं आणि मगच पुढे गेले. अम्मींना त्यांनी मेरठला नेलं, पण थोड्याच दिवसांत तिथे त्यांचा इंतकाल झाला.

बालपणातून सगळं आयुष्य उलगडतं, असं मी म्हणणार नाही. तसं असतं तर पुढची गोष्ट घडली नसती. 1882 मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे सर सय्यद यांनी सांगितलं की, मुसलमान पुरुष पुरेशा संख्येनं शिकल्याशिवाय स्त्रियांच्या शिक्षणाची समाधानकारक सोय होणार नाही. आईकडे धडे गिरवलेल्या माणसानं मुलींना रांगेत मागे उभं केलं! त्या काळी इंग्रजी शाळेबद्दल समाजात धास्ती होती, मुलांसाठीच पैसा जमत नव्हता, हे मला मान्य आहे. तरीही हा मुद्दा माझ्या मनात सलतो. आईकडून मिळालेली दया त्यांनी पुढे चालवली. आईला शिकवणाऱ्या बापाची दूरदृष्टी मात्र ते ओळखू शकले नाहीत.

अलीगढमध्ये मुलींची शाळा उघडली ती 1906 साली, शेख अब्दुल्ला आणि वहीद जहाँ बेगम या दांपत्यानं. सर सय्यद यांना जाऊन तेव्हा आठ वर्षं झाली होती.

आजही आपल्या घरांत फीचे पैसे कमी पडले की कॉलेज आधी कुणाचं सुटतं? बहुतेक वेळा मुलीचंच. तो निर्णय घेणाऱ्या अब्बांनी एकदा ख्वाजा फरीदुद्दीन यांची आठवण काढावी. त्यांच्या घरात एक मुलगी शिकली, म्हणून सर सय्यद यांना त्यांची पहिली उस्ताद मिळाली.