रिद्धपूरचा पाठ आणि पोहरादेवीच्या कथा

वाशीम जिल्ह्यातील मानोरा तालुक्यात पोहरादेवी येथे संत सेवालाल महाराजांची समाधी असल्यामुळे महाराष्ट्राबरोबरच तेलंगण, आंध्र आणि कर्नाटकातील बंजारा समाज रामनवमीच्या यात्रेला येथे एकत्र येतो, आणि त्याच्याबरोबर सेवालालांच्या कथाही येतात. या कथा गोरबोलीत, म्हणजे बंजारा समाजाच्या मातृबोलीत, पिढ्यान्‌पिढ्या मुखोद्गत राहिल्या आहेत; या बोलीला स्वतःची लिपी नसल्याने ती महाराष्ट्रात देवनागरीत, तर तेलंगणात तेलुगू लिपीत लिहिली जाते. अशी कथा लिहिणाऱ्याने ती एकट्यानेच पक्की करून छापावी, की जाणत्यांपुढे वाचून, त्यांच्या हरकती ऐकून मगच तिला अंतिम रूप द्यावे, हा प्रश्न नवा वाटला तरी मराठी गद्याच्या आरंभीच, आणि तोही वऱ्हाडातच, उभा राहिला होता.

अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर हे महानुभाव पंथाचे आद्य केंद्र. तेराव्या शतकाच्या अखेरीस पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामी यांच्या आठवणी, म्हणजे ‘लीळा’, एकत्र करण्याचे काम म्हाइंभटांनी हाती घेतले, तेव्हा ज्याने जो प्रसंग पाहिला असेल त्याच्याकडे जाऊन तो ऐकायचा, आणि मग पंथाचे आचार्य नागदेव यांच्याकडून तो पारखून घ्यायचा, अशी शिस्त त्यांनी पाळली. ‘लीळाचरित्र’ हा मराठीतील पहिला मोठा गद्यग्रंथ त्यातून सिद्ध झाला. दोन साक्षीदारांचे कथन जुळले नाही, तर एकाचे पुसून दुसऱ्याचे ठेवण्याऐवजी वेगळे कथन सांगणाऱ्याच्या नावासह नोंदवण्याची पद्धतही या परंपरेत रुजली. पुढे परचक्राच्या धामधुमीत मूळ प्रत हरवली आणि ग्रंथ स्मरणातून पुन्हा उभा करावा लागला, तेव्हा तो एका माणसाच्या नव्हे तर अनेकांच्या कानांवरून गेलेला होता, हेच त्याच्या कामी आले.

हे परीक्षण केवळ तपशिलांचे नव्हते. पंथातील विद्वान केशोबास यांचा ओढा संस्कृत रचनेकडे होता, तेव्हा त्यामुळे पंथातील साध्या वृद्ध स्त्रिया ज्ञानाला मुकतील, अशा अर्थाची हरकत नागदेवाचार्यांनी घेतल्याचे ‘स्मृतिस्थळ’ या ग्रंथात नमूद आहे. महानुभाव कवी भास्करभट्ट बोरीकरांचे उदाहरण तर याहून बोलके आहे. त्यांनी ‘शिशुपालवध’ हे काव्य रचून पंथातील ज्येष्ठाला दाखवले, तेव्हा ग्रंथ उत्तम उतरला आहे, पण त्यातील शृंगारामुळे तो विरक्तांच्या उपयोगाचा नाही, असा निवाडा मिळाला. त्यानंतर भास्करभट्टांनी भागवताच्या एकादश स्कंधावर आधारलेली ‘उद्धवगीता’ लिहिली. रचनेचे गुण मान्य करूनही ती कोणासाठी लिहिली आहे हे विचारणारा असा श्रोता आजही दुर्मीळच म्हणावा लागेल. कवीने रागावून पाठ फिरवली नाही आणि आधीचे काव्यही नष्ट झाले नाही, ही या प्रसंगातील सर्वांत मोलाची गोष्ट आहे.

आधुनिक काळात हीच रीत पंथाबाहेर, समवयस्क लेखकांच्या बैठकीत आली. पुण्यात १९२३ मध्ये स्थापन झालेल्या रविकिरण मंडळात माधव जूलियन, यशवंत, गिरीश, मनोरमाबाई रानडे आणि नाट्यछटाकार दिवाकर अशी मंडळी रविवारी एकत्र येऊन चहाबरोबर एकमेकांचे लेखन ऐकत. त्याच मंडळातील ग. त्र्यं. माडखोलकर पुढे कादंबरीकार आणि नागपूरच्या ‘तरुण भारत’चे संपादक झाले. 

आता पुन्हा पोहरादेवीच्या कथांकडे. पोहरादेवी येथे ५ ऑक्टोबर २०२४ रोजी बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन झाले, त्यामुळे समाजाचा वारसा मांडण्याची सोय झाली. कथांसाठी मात्र संग्रहालयाची दालने पुरेशी नाहीत, कारण कथेला सांगणारा लागतो तसा तिला टोकणारा श्रोताही लागतो. चार राज्यांतील जाणती माणसे ज्या दिवसांत आपणहून येथे येतात, त्या यात्राकाळातच गोरबोलीतील लेखकांनी आपले लेखन त्यांच्यापुढे मोठ्याने वाचावे, त्यांच्या दुरुस्त्या उतरवून घ्याव्यात, आणि ज्याचा पाठ निराळा निघेल त्याचे नाव व गाव त्या पाठाशेजारी लिहून ठेवावे.