ओझे ओढणाऱ्या इंजिनाचा वारा

१८८८ सालच्या ऑगस्ट महिन्यात बेर्था बेंझ ही जर्मन बाई आपल्या दोन मुलांना घेऊन, नवऱ्याला न सांगता, त्यानेच बनवलेल्या तीनचाकी मोटारीतून मानहाइमहून फोर्त्सहाइमला माहेरी गेली. अंतर सुमारे शंभर किलोमीटर. वाटेत तिने औषधाच्या दुकानातून इंधन विकत घेतले, ही हकिकत बहुतेकांच्या कानांवर आलेली असते. पण त्या प्रवासात इंधनापेक्षा अधिक वेळा जे मागून घ्यावे लागले ते साधे पाणी होते. त्या गाडीला आजच्यासारखा रेडिएटर नव्हता. सिलिंडरभोवती पाणी खेळवायचे, ते उकळून त्याची वाफ होऊन जाऊ द्यायची आणि कमी झाले की विहिरीवरून, ओढ्यावरून आणून पुन्हा ओतायचे, अशी ती व्यवस्था. चढ आला की गाडीचा दम सुटे आणि मुले खाली उतरून ती ढकलीत.

चढ, ओझे आणि पाणी या तीन गोष्टींचे नाते त्या पहिल्याच प्रवासात उघड झाले होते. आज एक अगदी क्षुल्लक वाटणारा प्रश्न मी आपल्यापुढे मांडणार आहे. मागे जड ओझे जोडून ओढणाऱ्या डिझेल ट्रकाला वारा घालणारा पंखा इंजिनाने फिरवावा की विजेने? प्रश्न पंख्याचा असला तरी त्याचा इतिहास शंभर वर्षांहून जुना आहे, आणि जे नवे ते सरस असे गृहीत धरणाऱ्याला तो बराच चकवतो.

प्रथम हे लक्षात घेतले पाहिजे की इंजिन ही मुळात उधळी वस्तू आहे. शंभर रुपयांचे डिझेल जाळले तर साधारण पस्तीस-चाळीस रुपयांचे काम पदरात पडते. बाकीची उष्णता काही धुराड्यावाटे जाते आणि काही सिलिंडरच्या भिंतींत शिरते. भिंतींत शिरलेली उष्णता बाहेर काढली नाही तर वंगण जळते, दट्ट्या फुगतो आणि इंजिन जाम होते. खुद्द रुडॉल्फ डिझेललाही प्रारंभी वाटले होते की आपल्या इंजिनाला थंड करण्याची गरजच पडणार नाही. १८९३ साली आउग्सबुर्गला त्याने जे पहिले इंजिन उभे केले त्याभोवती पाण्याचे वेष्टन नव्हते. कागदावरचे गणित उत्तम होते, पण लोखंडाला ते मान्य झाले नाही. १८९७ साली प्राध्यापक श्र्योटर यांनी ज्या इंजिनाची परीक्षा घेतली आणि ज्याची कार्यक्षमता २६ टक्क्यांच्या आसपास भरली, त्याला पाण्याचे वेष्टन होते.

पाणी तर आले. आता ते पाणी कसे थंड करायचे? या बाबतीत खरी मोठी उडी विल्हेल्म मायबाख या कारागीर-अभियंत्याने मारली. १९०१ साली नीस येथील शर्यतींत डाइमलर कंपनीची ३५ अश्वशक्तीची मर्सिडीज गाडी उतरली. तिच्या तोंडाशी मधमाश्यांच्या पोळ्यासारखा रेडिएटर होता. सहा-सहा मिलिमीटरच्या चौकोनी अशा आठ हजारांहून अधिक नळ्या एकत्र जोडलेल्या. नळ्यांतून वारा जायचा आणि त्यांच्या फटींतून पाणी. पूर्वी जिथे १८ लिटर पाणी वाहून न्यावे लागे तिथे ९ लिटर पुरू लागले. आणि या पोळ्यामागे मायबाखने एक छोटा पंखा ठेवला. गाडी वेगात असली की वारा आपोआप नळ्यांतून घुसतो, पण गाडी हळू चालली तर वारा कोण आणणार? म्हणून हा पंखा. आपल्या विषयाचे बीज या छोट्या पंख्यात आहे. पंखा आला तो गाडी पळते तेव्हासाठी नव्हे, ती रखडते तेव्हासाठी.

पुढे हा पंखा इंजिनाच्याच दांड्यावरून पट्ट्याने फिरवण्याची रीत सर्वत्र रूढ झाली. स्वस्त, सोपी आणि भरवशाची. आपल्याकडे १९५४ सालापासून जमशेदपूरहून टाटा-मर्सिडीज-बेंझ मालट्रक बाहेर पडू लागले. (बेंझची कंपनी आणि मायबाख जिथे होता ती डाइमलर कंपनी १९२६ साली एक झाल्या होत्या. म्हणजे बेर्थाबाईंचा वारसा असा फिरत फिरत आपल्या घाटांत आला.) त्यांचाही पंखा पट्ट्याचाच. बोरघाटात बॉनेट उघडून वाफा सोडीत उभा असलेला ट्रक आणि डबा घेऊन पाण्याच्या शोधात निघालेला क्लीनर हे दृश्य त्या काळातल्या ज्येष्ठांना सांगायला नको.

पण या पट्ट्याच्या पंख्यात एक खोड आहे. इंजिन जितके फिरेल तितका तो फिरणार. गाडी सपाट रस्त्यावर वेगाने चालली आहे, समोरून भरपूर वारा येतो आहे, पंख्याची काहीएक गरज नाही, तरी तो जोरात फिरतोच. आणि पंख्याचा हिशेब मोठा कडक असतो. फेरे दुप्पट केले तर वारा दुप्पट मिळतो, पण त्याला लागणारी शक्ती आठपट होते. उलट फेरे निम्मे केले तर शक्ती एक अष्टमांशावर येते. म्हणजे गरज नसताना जोरात फिरणारा पंखा हा सावकाराच्या व्याजासारखा डिझेल खात बसतो. रहदारीत गाडी जागच्या जागी धडधडत असते तेव्हा मात्र वारा हवा असतो आणि इंजिनाबरोबर पंखाही मंदावलेला असतो.

यावर पहिला मोठा उपाय रस्त्यावर झाला नाही, रुळांवर झाला. ओझे ओढण्यात आगगाडीच्या इंजिनाचा हात कोण धरणार? १९३९ साली अमेरिकेत जनरल मोटर्सच्या इलेक्ट्रो-मोटिव्ह शाखेने एफटी नावाचे मालगाडीचे डिझेल इंजिन आणले. त्याचे पंखे यांत्रिक जोडणीने फिरत. महायुद्ध संपता संपता त्याच शाखेने एफ-३ इंजिन काढले आणि त्यात छपरावरचे पंखे विजेच्या मोटरींनी फिरू लागले. पाणी तापू लागले की आधी एक पंखा सुरू व्हायचा, मग दुसरा, मग तिसरा. हे जमले कशामुळे? डिझेल-विद्युत इंजिनात डिझेल चाके फिरवत नाही. ते वीज निर्माण करते आणि ती वीज चाकांच्या मोटरी फिरवते. ज्याच्या पोटातच वीजघर आहे त्याला पंख्यासाठी वीज काढणे जड नव्हते. गंमत अशी की या मोटरींना जी वीज मिळे तिची वारंवारता डिझेलच्या फेऱ्यांबरोबर बदले. त्यामुळे विजेचा असूनही तो पंखा इंजिनाच्या तालावरच फिरे.

हा वाद भारतातही येऊन पोहोचला होता, हे फारसे कोणी ध्यानात घेत नाही. १९६२ साली आपल्या रेल्वेने अमेरिकेतून दोन जातींची डिझेल इंजिने आणली. एक अल्कोचे, ज्याला आपण डब्ल्यूडीएम-२ म्हणतो, आणि दुसरे इलेक्ट्रो-मोटिव्हचे डब्ल्यूडीएम-४. दोन्ही २,६०० अश्वशक्तीची. दुसऱ्यात पंखे विजेच्या मोटरींवर. पहिल्यात पंखा इंजिनाच्याच दांड्यावरून, पण मध्ये एक चुंबकीय क्लच. त्यात दोन भाग एकमेकांना स्पर्श करीत नाहीत. चुंबकाच्या ओढीने एक दुसऱ्याला फिरवतो, आणि ती ओढ थोड्याशा विजेने कमी-जास्त करता येते. म्हणजे बळ इंजिनाचे आणि लगाम विजेचा! पुढे वाराणसीच्या कारखान्यात १९६४ पासून घडले ते अल्कोचे इंजिन. अर्थात हे पंख्यामुळे झाले नाही. अल्को आपली विद्या द्यायला तयार होती, हे त्याचे मोठे कारण.

मोटारींची कथा निराळी आहे. मोटारीत विजेचा पंखा काटकसरीसाठी आला असा समज आहे, तो अर्धाच खरा. १९५९ साली ब्रिटनमध्ये मिनी गाडी निघाली. तिचे इंजिन आडवे बसवलेले. त्यामुळे इंजिनाच्या दांड्याचे तोंड गाडीच्या बाजूला गेले, आणि पट्ट्याचा पंखा राखायचा म्हणून रेडिएटरच उचलून बाजूला न्यावा लागला. तिथे वारा यथातथाच. १९६९ साली इटलीत दांते जाकोझा या अभियंत्याच्या फियाट १२८ मध्ये हा पेच सुटला. इंजिन आडवेच, पण रेडिएटर पुन्हा समोर आणि त्याच्यामागे उष्णतेच्या कळीने आपोआप सुरू होणारा विजेचा पंखा. तारेला काय, दांड्याचे तोंड कुठे आहे याची पर्वा नसते. १९७४ च्या फोक्सवागन गोल्फनेही हाच मार्ग धरला आणि पाहता पाहता लहान मोटारींतून पट्ट्याचा पंखा नाहीसा झाला.

मोठ्या ट्रकांत मात्र तसे घडले नाही. तिथे पट्ट्याला लगाम घालण्यात आला. दोन तबकड्यांच्या बारीक फटीत दाट सिलिकोन तेल भरायचे, पुढे दोन धातूंची एक गुंडाळी ठेवायची. रेडिएटरमधून येणारी हवा तापली की गुंडाळी पिळते, झडप उघडते, तेल फटीत शिरते आणि पंखा जोराने फिरू लागतो. हवा निवली की तेल मागे जाते आणि पंखा सुस्तावतो. मोठ्या मालट्रकांसाठी दाबाच्या हवेवर चालणारे क्लच आले. १९७३ च्या तेलसंकटाने अमेरिकेतल्या ट्रकमालकांना पंख्याचा हिशेब नव्याने करायला लावले. १९७६ साली नव्या ट्रकांच्या आवाजावर तिथल्या सरकारने मर्यादा घातली, आणि आवाजात पंख्याच्या गर्जनेचाही मोठा वाटा होता. त्यामुळे क्लचाचा प्रसार झपाट्याने झाला.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. अमेरिकेत शेतकरी, घोडे पाळणारे, घरासारखे मोठे ट्रेलर घेऊन फिरणारे लोक डिझेल पिकअप ट्रक वापरतात. त्यांच्यातला कोणीतरी म्हणतो, मोटारीत विजेचा पंखा चालतो, मग माझ्या ट्रकात का नको? पट्ट्याचा काढून विजेचा बसवला तर डिझेल वाचेल, शक्ती वाढेल. रिकाम्या गाडीपुरते त्याचे म्हणणे अगदीच चूक नाही. पण गणित करून पाहावे. अशा ट्रकाचा मोठा पंखा पुऱ्या जोराने फिरताना वीसेक अश्वशक्ती घेऊ शकतो. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॉट, तेव्हा वीस म्हणजे जवळजवळ १५,००० वॉट. गाडीची वीज १४ व्होल्टच्या आसपास. भागाकार केला तर हजाराहून अधिक अँपिअर! अशा ट्रकावर दोन अल्टरनेटर बसवले तरी मिळतात चारशेच्या आसपास, आणि त्यांवर दिवे, पंप, वातानुकूलन यांचाही हक्क. शिवाय ती वीज येणार त्याच इंजिनातून, पट्ट्यावरून अल्टरनेटरमध्ये, तारेतून मोटरीत, आणि प्रत्येक उंबरठ्यावर थोडी जकात देत. बाजारात मिळणारे विजेचे पंखे काही शे वॉटचे, फार तर हजाराच्या आसपासचे. दोन बसवले तरी त्या मोठ्या पंख्याची बरोबरी होत नाही.

हे नुसते कागदी वाटत असेल तर ॲरिझोनातल्या डेव्हिस धरणाजवळचा घाट पाहावा. कोलोरॅडो नदीपासून निघणारा हा रस्ता सुमारे १८ किलोमीटरांत ९०० मीटर चढतो, तोही वाळवंटातून. एसएई या अभियंत्यांच्या संस्थेने २००८ साली ट्रेलर ओढणाऱ्या गाड्यांची कसोटी ठरवली आणि त्यासाठी हाच चढ निवडला. हवा निदान ३८ अंश सेल्सिअस तापलेली हवी, वातानुकूलन पूर्ण चालू हवे, मागे पूर्ण वजनाचा ट्रेलर हवा, आणि मागे एकेरी चाके असलेल्या गाडीचा वेग ताशी ६४ किलोमीटरांच्या खाली जाता कामा नये. या वेळी इंजिन पूर्ण ताकदीने जळत असते, उष्णता सर्वाधिक असते, आणि वारा मात्र बेताचाच. तोही रेडिएटरपर्यंत पोहोचण्याआधी वातानुकूलनाच्या आणि इंजिनात जाणारी हवा निववणाऱ्या जाळ्यांतून तापून आलेला. नेमक्या त्याच वेळी इंजिनाचे फेरे जास्त असतात, आणि पट्ट्याचा पंखा आपल्या पुऱ्या बळाला पोहोचतो. सपाट रस्त्यावर जी त्याची खोड होती, तीच घाटात कामी येते. म्हणून मोठ्या डिझेल पिकअपांचे कारखानदार आजही बहुधा पट्ट्याचाच पंखा ठेवतात. फरक इतकाच की तेलाची झडप आता गुंडाळीऐवजी संगणक उघडतो. चुंबकाच्या जागी तेल आले, पण डब्ल्यूडीएम-२ मधली युक्ती हीच होती.

विजेचा पंखा मोठ्या गाड्यांत हरला असे मात्र कोणी समजू नये. अमेरिकेतल्या शहरी बसमध्ये इंजिन मागे असते, वारा तिथवर पोहोचत नाही आणि बस तर दर थांब्यावर उभी. तिथे एका मोठ्या पंख्याऐवजी अनेक छोटे विजेचे पंखे बसवू लागले आहेत, आणि ते शोभतातही. विजेवरच चालणाऱ्या नव्या मालट्रकांत तर फिरवायला इंजिनच नाही. पण त्यांच्या बॅटरीचा दाब कित्येक शे व्होल्टचा असतो. सहाशे व्होल्टला तेच १५,००० वॉट घ्यायचे तर अवघे २५ अँपिअर लागतात, आणि बोटाएवढी जाडही नसलेली तार ते काम करते.