तोफ गेली, पोथी राहिली

परंड्याला येणारा पाहुणा आधी किल्ला पाहतो आणि किल्ल्यात शिरला की तोफा पाहतो. तटावरच्या एकेका तोफेवर हात ठेवून तो तिच्या वजनाचा अंदाज करीत असतो, तोवर बरोबरचा माणूस त्याला हटकून सांगतो की, येथली सर्वांत थोर तोफ आता येथे नाहीच! तिचे नाव मलिक-ए-मैदान. १५४९ साली ती अहमदनगरास ओतली गेली, पुढे परंड्याच्या किल्ल्यात आली आणि १६३२ साली मुरार जगदेवाने ती येथून विजापुरास नेली. सुमारे पंचावन्न टनांचे ते धूड आजही विजापूरच्या बुरुजावर पडून आहे. त्या काळी ज्याच्या हाती अशी तोफ, त्याचा शब्द दूरवर ऐकू जाई, असा सगळ्यांचाच समज होता.

पण वाचकहो, आज मला सांगायची आहे ती गोष्ट तोफेची नव्हे. याच परंडे तालुक्यात सीना नदीच्या काठी डोमगाव म्हणून एक गाव आहे. तेथल्या मठात हाताने लिहिलेली एक पोथी जपून ठेवली गेली. तोफ इथून गेली, पोथी राहिली. आणि दूरवर ऐकू गेला तो त्या पोथीतला शब्द.

ही पोथी दासबोधाची. वीस दशक, प्रत्येकात दहा समास आणि एकूण ७७५१ ओव्या असा हा ग्रंथ. तो लिहून काढणारे हात कल्याणस्वामींचे. आणि मठाची परंपरा अशी की, पोथी पुरी झाल्यावर समर्थ रामदासांनी ती स्वतः वाचून जागोजाग आपल्या हाताने दुरुस्त केली.

आजच्या लेखकाला एक चिंता पोखरीत असते. लिहून तर झाले, आता हे वाचणार कोण? प्रकाशक मिळेल का, प्रती खपतील का, चार लोकांना आपले नाव ठाऊक होईल का? ही चिंता छापखान्याने जन्माला घातली असे आपण समजतो. खरे पाहता छापखाना नव्हता तेव्हा ती शतपटीने अधिक होती.

छापण्याची कला हिंदुस्थानात आलीच नव्हती असे नाही. गोव्यात १५५६ सालीच छापखाना आला होता, आणि फादर स्टीफन्सचे मराठी 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली तेथे रोमन लिपीत छापले गेले. त्या वेळी समर्थ आठ वर्षांचे होते. पण तो छापखाना घाट चढून वर आला नाही. देशावरच्या ग्रंथकाराला आपल्या ग्रंथाची दुसरी प्रत हवी असेल तर एकच मार्ग होता : कोणीतरी बसून ती लिहिली पाहिजे.

आता हिशेब करून पाहा. बरू टोकदार करावा, काजळाची शाई घोटावी, कागदावर रेघा आखाव्या आणि पहाटेपासून मांडी घालून रोज शंभर ओव्या लिहाव्या, असे धरले तर दासबोधाच्या एका प्रतीला अठ्ठ्याहत्तर दिवस लागतात. म्हणजे अडीच महिने एका माणसाने दुसरे काही करायचे नाही, तेव्हा ग्रंथाला आणखी एक घर मिळायचे. हे काम पैसे देऊन करवून घेणे राजेरजवाड्यांना परवडे. ज्याची झोळी हेच ज्याचे भांडवल, त्याने काय करावे?

समर्थांनी हा प्रश्न किती बारकाईने पाहिला होता, हे दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास वाचला म्हणजे कळते. तो सारा समास लेखनक्रियेवर आहे. अध्यात्माच्या ग्रंथात अक्षर कसे काढावे याची शिकवण कशाला, असे एखाद्याला वाटेल. पण त्यातली एकेक सूचना पाहा. अक्षर वाटोळे, सरळ आणि मोकळे असावे. पहिल्या अक्षराचे वळण ग्रंथ संपेपर्यंत तसेच राहावे. एक ओळ दुसऱ्या ओळीला लागू नये. तरुणपणी डोळे चांगले म्हणून फार बारीक लिहू नये, कारण तेच अक्षर म्हातारपणी आपल्याला वाचता येत नाही. पानाच्या चारी बाजूंना कोरी जागा सोडावी, म्हणजे कडा झडल्या तरी अक्षराला धक्का लागत नाही. पुढे बरू, चाकू, कातरी, शाई, बासने, मेणकापडे, पेट्या आणि कुलपे, इथवर सगळी यादी आहे.

ही केवळ टापटिपीची हौस नव्हे. आपण गेल्यावर, आपल्याला कधी न भेटलेला माणूस, कंदिलाच्या नव्हे तर समईच्या उजेडात हे वाचणार आहे, हे ज्याला दिसते तोच समासाची जागा किती सोडावी हे सांगतो. लेखकाची पहिली अडचण वाचक दूर असणे ही. आणि तिच्यावरचा पहिला उपाय म्हणजे त्या दूरच्या वाचकाच्या डोळ्यांची काळजी घेणे.

दुसरी अडचण शुद्धतेची. नकलेवरून नक्कल, तिच्यावरून आणखी नक्कल असे होत गेले की दर खेपेस एखादा काना गळतो, एखादी ओवी सुटते, आणि कधी नकलकार आपल्या पदरचे दोन शब्द घालतो. चार पिढ्यांनंतर ग्रंथकार परत आला तर त्याला आपलाच ग्रंथ ओळखू येऊ नये! म्हणून भरवशाची एक प्रत कोठेतरी असावी लागते, आणि भरवशाच्या प्रतीला भरवशाचा माणूस लागतो. समर्थांना तो कल्याणांच्या रूपाने मिळाला.

कल्याणांचे मूळ नाव अंबाजी. झाडाची फांदी तोडताना ते विहिरीत पडले आणि वरून 'कल्याण आहेस ना?' असे विचारताच आतून होकार आला, म्हणून नाव कल्याण पडले, ही कथा आपण लहानपणी आजीच्या मांडीवर ऐकलेली असते. पुढे समर्थ सांगत गेले आणि कल्याण लिहीत गेले. स्वतः कल्याणही कवी होते; 'सोलीव सुख' हे त्यांचे प्रकरण रामदासी मंडळीत आदराने म्हटले जाते. पण आयुष्याचे किती दिवस त्यांनी दुसऱ्याच्या ओव्या उतरण्यात घालविले! त्या दिवसांत त्यांची स्वतःची किती कविता लिहायची राहून गेली असेल, याचा हिशेब कोणी मांडला नाही. ग्रंथावर नाव एकाचेच येते. ते ज्या हातांवर उभे असते, त्या हातांचे नाव मुखपृष्ठावर येत नाही.

तिसरी अडचण सर्वांत मोठी. ग्रंथ लिहिला, नक्कलही झाली. पण वाचता येते किती जणांना? गावात एखादा कुळकर्णी, एखादा भटजी, एखादा वाणी. यावर तोड निघाली ती मठांची. मठात नुसती पोथी ठेवून भागत नसे. ती वाचणारा, समजावून सांगणारा आणि तिच्यावर कीर्तन करणारा माणूस तेथे असावा लागे. चाफळला समर्थांनी राममंदिर उभे केले, मिरजेला वेणाबाईंचा मठ झाला, तिसगावी दिनकरस्वामी राहिले, आणि भीमस्वामी तर थेट तंजावरला, तमिळ मुलुखात जाऊन बसले. कल्याणांच्या वाट्याला परंड्याचा हा टापू आला. म्हणजे एका डोळस माणसामागे शंभर कान. अक्षरओळख नसलेल्या बाईने दळता दळता ओवी म्हटली की ग्रंथ पोचला. मग तिच्या घरात कागद नसला तरी चालते.

१६८२ साली सज्जनगडावर समर्थांनी देह ठेवला. त्यानंतर कल्याण बत्तीस वर्षे राहिले आणि १७१४ साली त्यांनी परंड्यास देह ठेवला. परंपरा सांगते की, समर्थांच्या अस्थी काशीस नेण्यासाठी निघालेली मंडळी डोमगावी आली ती नेमकी याच सुमारास, आणि गुरूच्या अस्थींबरोबर शिष्याच्याही अस्थी गंगेला गेल्या. कथा असेल, श्रद्धा असेल. पण लिहून घेणारा आणि सांगणारा यांना लोकांनी मनाने किती एक मानले, हे तिच्यातून कळते.

पुढे पोथी बासनात राहिली. बासनात राहिलेल्या ग्रंथाला आणखी एक भय असते. तो पूजेला लागतो. गंध, फूल, अक्षता सारे मिळते; वाचणारा तेवढा मिळत नाही. एकोणिसाव्या शतकात मुंबईस गणपत कृष्णाजींनी १८३१ साली शिळाछापावर पंचांग काढले, छापखाने वाढले आणि दासबोधही छापून निघाला. पण हाती लागेल त्या प्रतीवरून छापलेल्या पुस्तकांत पाठभेद राहिले.

तेव्हा धुळ्याचे एक वकील, शंकर श्रीकृष्ण देव, या कामाच्या मागे लागले. १८९३ साली त्यांनी धुळ्यास सत्कार्योत्तेजक सभा स्थापली आणि मठामठांतून फिरून जुनी बाडे गोळा करण्याचे काम आरंभिले. वंशपरंपरेने जपलेले बासन परक्या माणसापुढे सोडायचे, तर मठपतींचा विश्वास आधी मिळवावा लागतो. तो पत्राने मिळत नाही, जाऊन बसावे लागते. देव गेले आणि बसले. १९०५ साली डोमगावच्या प्रतीवरून दासबोध छापून निघाला. कल्याणांच्या मृत्यूनंतर एकशे एक्याण्णव वर्षांनी त्यांचे अक्षर छापखान्यात पोचले! समर्थांनी कडेची कोरी जागा सोडायला सांगितली होती ती कशासाठी, हे तेव्हा कळले.

परंड्याच्या मातीत ही चाल तेवढ्यावर थांबली नाही. एकोणिसाव्या शतकात परंड्यातच रामदासी परंपरेतले हंसराजस्वामी झाले. 'वेदेश्वरी', 'लघुवाक्यवृत्ति' असे वेदान्ताचे अवघड विषय त्यांनी मराठी ओवीत आणले. मुंबई-पुण्याच्या छापखान्यांपासून दूर राहूनही त्यांचा शब्द टिकला. त्यांचेही ग्रंथ शिष्यपरंपरेने सांभाळले आणि मग ते छापून लोकांपुढे आले. आडगावी राहून लिहिणाऱ्याची उपेक्षाच होते, ही समजूत परंड्याने दोनदा खोटी पाडली आहे.

आता आजच्या लेखकाकडे वळू. त्याला बरू घोटावा लागत नाही. एक बोट दाबले की त्याचे लेखन क्षणात हजार ठिकाणी जाते. तरी चिंता तीच आहे, कारण प्रत पोचणे आणि ग्रंथ पोचणे या दोन गोष्टी तेव्हाही वेगळ्या होत्या, आजही वेगळ्याच आहेत. आपले नाव गाजावे म्हणून तो दारोदार नौबत वाजवितो, आणि ती वाजविता वाजविता लिहायचेच राहून जाते. डोमगावची पोथी त्याला सांगते की बाबा रे, आधी नीट लिही, लिहिलेले पुन्हा तपास, आणि मग तुझे लेखन आपले मानून पुढे नेणारी चार माणसे जोड. चारच, पण कल्याणासारखी. अशी माणसे मागून मिळत नाहीत. त्यांना आधी आपण काही द्यावे लागते.

काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तो १९०९ साली, म्हणजे डोमगावच्या पोथीचा ग्रंथ झाल्यावर चारच वर्षांनी. तेव्हापासून घरात फराळाचा डबा उघडला की अंकही उघडतो. आधी वडील वाचतात, मग आई दुपारी पडल्या पडल्या वाचते, मग शेजारच्या काकू मागून नेतात आणि कधी कधी परत आणायला विसरतात! लेखक त्यांच्यावर रागावत नाही. त्याच्या लेखी काकूही या साखळीतला एक हात आहेत.

कधी परंड्याला गेलात तर तोफा जरूर पाहा. मग सीनेकाठी डोमगावलाही जाऊन या. आणि हा अंक वाचून झाला की फडताळात ठेवू नका. कोणाला तरी द्या.