अडकित्ते : संग्रह आणि डागडुजी

अडकित्ता हे सुपारी कातरण्याचे दोन दांड्यांचे हत्यार. वरच्या दांडीला धारेचे पाते, खालची दांडी सपाट, आणि दोन्ही एका टोकाला खिळ्याने जोडलेल्या. सुपारी खिळ्याजवळ आणि हात दूर, म्हणून तरफेच्या जोरावर म्हाताऱ्या बोटांनाही टणक सुपारी दाद देते.

पाहुणा ओसरीवर टेकला की पानाचा डबा पुढे सरकवायचा, ही रीत परभणी जिल्ह्यात वाड्यात होती तशी शेतकऱ्याच्या घरीही. सोयरीक ठरली की आजही ‘सुपारी फुटली’ असेच म्हणतात. पुढे कातरलेली सुपारी पुड्यांत मिळू लागली, गुटखा आला आणि अडकित्ता फळीवर गेला. २०१२ साली राज्यात गुटख्यावर बंदी आली, तरी तो फळीवरून उतरला नाही. कित्येक जुने पितळी नग मोडीत वजनावर गेले, आणि तिथे कारागिरीला वेगळा भाव नसतो.

महाराष्ट्रातला नावाजलेला अडकित्त्यांचा संग्रह पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात आहे. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणारे दि. गं. केळकर (१८९६–१९९०) यांनी दिवे, कुलपे, दौतींबरोबर हेही जमवले. मोर, पोपट, घोडा, जोडपी अशा घडणीचे नमुने पाहिले की सुपारी फोडण्याच्या कामावर लोकांनी किती हौस खर्च केली ते कळते. परदेशात गणितज्ञ सॅम्युएल आयलेनबर्ग यांनाही हाच छंद होता; त्यांच्या अडकित्त्यांवर स्वतंत्र ग्रंथ निघाला आहे.

हातात आलेला जुना नग बहुधा खिळ्याशी जाम झालेला असतो. पितळ आणि लोखंड एकमेकांना लागून असले आणि ओल मिळाली की लोखंड आधी गंजते, आणि खिळ्याच्या फटीत ओल टिकते. जोर लावला तर दांडी मोडते. रॉकेलमध्ये बुडवून ठेवावा, अधूनमधून हलक्या हाताने हलवून पाहावा; गंज सुटतो. पात्याला बारीक पॉलिश कागद तेल लावून फिरवावा, धार कुरुंदाच्या दगडावर हातानेच लावावी. वेगाच्या चाकावर पाते तापून निळसर झाले की त्याला दिलेले पाणी उतरले असे समजावे. अशी धार टिकत नाही. मग भाता-ऐरण घेऊन गावोगाव पाल ठोकणाऱ्या एखाद्या घिसाड्याकडून नव्याने पाणी देऊन घ्यावे लागते. खिळा सैल असेल तर ऐरणीवर टेकवून डोक्यावर दोन हलके ठोके पुरतात. तो बदलण्याची घाई नको, नव्या खिळ्याने नगाचे वय पुसले जाते.

पितळ चिंचेने लख्ख करण्याचा मोह मोठा. पण वर्षानुवर्षांच्या हाताळणीने आलेला काळपट तजेला आणि अंगठ्याखाली झिजलेली नक्षी हीच जुन्या नगाची खूण. ती घासून काढलेला अडकित्ता बाजारातल्या नव्या नगासारखा दिसतो, आणि जाणकार त्याला हात लावत नाहीत.

शंभर वर्षांपेक्षा जुनी कलाकुसरीची वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्यात येऊ शकते. अशी वस्तू खासगीरीत्या देशाबाहेर नेता येत नाही. घरी ठेवताना पात्याला पातळ तेलाचा हात द्यावा आणि नग सुती कापडात गुंडाळावा. कातडी पिशवी टाळावी, कमावलेल्या कातड्यातल्या आम्लाने पितळेवर हिरवा कळक चढतो.